येताना वेगळं, जाताना वेगळं

बुएनोस आइरेस ते सांतियागो हे हवाई अंतर सुमारे 1,140 किलोमीटर आहे. अर्जेंटिनाच्या राजधानीतून चिलीच्या राजधानीला जाणारं विमान साधारण सव्वादोन तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ घेतं. परतीचं विमान बहुधा दोन तासांच्या आत पोहोचतं. वाट तीच असूनही वेळ मात्र वेगळा.

पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं समजणारे पुष्कळ आहेत. पण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरतं. खरं कारण वारा. या अक्षांशांवर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांना आणखी जोर चढतो. ताशी 800 किलोमीटर वेगाच्या विमानाला ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जमिनीवरचं अंतर ते 700च्याच वेगाने कापतं. पाठीमागून आला तर 900च्या. एवढ्यानेच वीसेक मिनिटांचा फरक पडतो.

हा फरक गैरसोयीपुरता असतो असं वाटत असेल, तर 2 ऑगस्ट 1947ची दुपार आठवावी. ‘स्टार डस्ट’ नावाचं ब्रिटिश प्रवासी विमान अकरा जणांना घेऊन बुएनोस आइरेसहून सांतियागोकडे निघालं होतं. खाली ढग असल्याने जमीन दिसत नव्हती. 5 वाजून 41 मिनिटांनी विमानातून मोर्समध्ये संदेश आला: 5.45ला पोहोचतो. त्यानंतर काहीच आलं नाही. चालकदलाच्या हिशेबाने वाटेतला अँडीज पर्वत मागे पडला होता. प्रत्यक्षात विमान त्याच्या पूर्वेलाच होतं. उंचावरच्या ज्या वेगवान प्रवाहाला आज जेट स्ट्रीम म्हणतात, त्याची त्या काळी वैमानिकांना फारशी माहिती नव्हती. तो समोरून विमानाला मागे रेटत होता, असं आज मानलं जातं. डोंगर ओलांडला या समजुतीने विमान खाली आणलं गेलं आणि ते 6,500 मीटरहून उंच तुपुंगातो पर्वताच्या हिमनदीवर आदळलं. अवशेष गिर्यारोहकांच्या दृष्टीला पडले ते पन्नासहून अधिक वर्षांनी, हिमनदीने ते खाली वाहून आणल्यावर.

त्या माणसांचं गणित कच्चं होतं असं मला म्हणवत नाही. त्यांना अंतर ठाऊक होतं, वेग ठाऊक होता, घड्याळ बरोबर होतं. हवा किती जोराने अंगावर येते आहे, एवढंच कळायला मार्ग नव्हता.

जमिनीवरून जाणाऱ्याला वाऱ्याची फिकीर नसते, पण डोंगर त्यालाही चुकत नाही. डोंगराच्या अर्जेंटिनाकडच्या बाजूचं मेंदोसा शहर ते सांतियागो सरळ रेषेत जेमतेम 200 किलोमीटर, पण रस्त्याने सुमारे 360. हा रस्ता 3,200 मीटर उंचीवरच्या बोगद्यातून जातो आणि हिवाळ्यात बर्फामुळे अनेकदा बंद असतो. 1817 साली स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती सान मार्तीन याच्या सैन्याला याच पट्ट्यातून पलीकडे उतरायला सुमारे तीन आठवडे लागले.

म्हणून दोन शहरांमधलं अंतर कुणी नुसतं किलोमीटरमध्ये सांगितलं, तर मला ते अर्धवट वाटतं. कशाने, कोणत्या दिशेला आणि कोणत्या ऋतूत, हेही विचारायला हवं. विमान कंपन्या ते विचारतात. सांतियागोकडे जाणाऱ्या विमानाच्या वेळापत्रकात आज जी वीस-तीस मिनिटं जास्त धरलेली असतात, ती त्याच वाऱ्यासाठी.