मर्जी आणि मैत्री

खेळांत नीतीचा विचार आणूं नये, हें मत आमच्याकडे फारसें जुनें नाहीं. परंपरा ज्या मोक्षपटाचें नातें ज्ञानदेवांशीं जोडते, त्यांतील शिड्या सद्गुणांच्या आहेत आणि साप दुर्गुणांचे. मात्र त्या पटावर मनुष्य एकटाच चढतो व एकटाच घसरतो. बरोबरच्या माणसांशीं वागावें कसें, हा प्रश्न तेथें उद्भवत नाहीं. संगणकावरील भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्यें हाच प्रश्न मुख्य होऊन बसला आहे, म्हणून त्याचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

या खेळांची रीत ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगतों. खेळणारा एका वीराचें सोंग घेऊन दूरच्या प्रवासास निघतो. वाटेंत त्यास सोबती मिळतात. प्रत्येकाचा स्वभाव, श्रद्धा व पूर्वायुष्य निराळें. खेळणारा जें बोलेल व करील त्यानें कोणी संतुष्ट होतो, कोणी दुखावतो. कोणाशीं प्रेमही जुळतें. कॅनडांतील बायोवेअर कंपनीच्या 'बाल्डर्स गेट' या खेळाचा दुसरा भाग २००० सालीं निघाला. त्यांत प्रणयकथा आहेत, आणि केल्डॉर्न हा धर्मयोद्धा व व्हिकोनिया ही पाताळवासी स्त्री यांचें जिवावर उठणारें वैरही आहे. याच कंपनीच्या २००९ च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' मध्यें तर सोबत्याच्या मर्जीचें मापच ठेविलें आहे: उणे १०० पासून अधिक १०० पर्यंत. रुचेल असें बोलावें, आवडीची वस्तु भेट द्यावी, कीं अंक वाढतात. अशा रीतीनें मिळविलेल्या अनुरागास प्रेम म्हणावें काय?

'मर्जी' हा शब्द दरबारांतला. तेथें मर्जी राखणारा सेवक असतो, आणि ज्याची मर्जी राखावयाची तो धनी. या खेळांत नातें उलटें होतें. खेळणारा वरवर आर्जवें करीत असतो. परंतु कोणत्या शब्दाची व कोणत्या वस्तूची किती किंमत हें त्यास कळून चुकलें, म्हणजे खरा धनी तोच. ज्याच्या रागाचा भाव आपणांस आधींच ठाऊक आहे, त्याचा राग आपण कधींच मनावर घेत नाहीं.

कोणी म्हणेल, हे चित्रांतले सोबती. त्यांस मन कोठलें? खरें आहे, परंतु संवय जडते ती खेळणाराच्या मनास, आणि त्यास पुढें जित्या माणसांतच वावरावयाचें असतें. छत्रपति संभाजीनगरांतील गारखेड्याचेंच उदाहरण घ्या. परगांवचे विद्यार्थी तेथें भाड्याच्या खोल्यांतून एकत्र राहतात. एकास पहांटे उठून अभ्यास करावयाचा, दुसऱ्यास रात्रीं दिवा हवा. एकाचें जेवण दुसऱ्यास चालत नाहीं. तेथें कोणाच्या कपाळावर अंक लिहिलेला नसतो. रुसलेल्या मित्रास चहा पाजून भागतेंच असें नाहीं. कधीं कधीं त्याचें म्हणणें खरें आहे हें कबूल करावें लागतें.

गारखेड्यापासून सुमारें ५० किलोमीटरांवर पैठण आहे. या सातवाहनांच्या राजधानीशीं हालाच्या गाथासप्तशतीचें नांव निगडित आहे. त्या महाराष्ट्री प्राकृत गाथांत प्रेमाच्या जोडीला 'मान', म्हणजे प्रेमिकेचा रुसवा, वारंवार येतो. या रुसव्यामुळेंच ती नायिका स्वतंत्र व्यक्ति म्हणून आपल्यापुढें उभी राहते. प्रसन्न होणें न होणें तिच्या हातीं आहे, म्हणूनच तिच्या प्रसन्नतेस अर्थ आहे.

या खेळांच्या कर्त्यांसही हें मर्म कळलेलें दिसतें. 'ड्रॅगन एज' मध्यें ॲलिस्टर नांवाचा सोबती आहे. लोघेन या सेनापतीनें ऐन युद्धांत पाठ फिरविल्यामुळें ॲलिस्टरचा पितृतुल्य गुरु मारला गेला. पुढें लोघेन शरण आला असतां त्यास जीवदान देऊन आपल्या पथकांत घेण्याची मुभा खेळणारास आहे. तसें केल्यास ॲलिस्टर सोडून जातो. मर्जीचा अंक पूर्ण भरलेला असला तरी जातो. येथें अंकगणित संपतें व माणूस सुरू होतो.

२०१० च्या 'मास इफेक्ट २' मधील भांडण याहून विचार करावयास लावणारें आहे. जॅकचें बालपण ज्या संघटनेच्या प्रयोगशाळेंत छळांत गेलें, त्याच संघटनेची मिरांडा ही अधिकारी. तेथें जें झालें तें अन्यायाचें होतें एवढें मिरांडानें मान्य करावें, इतकीच जॅकची मागणी. ती मिरांडा करीत नाहीं. खेळणारानें एकीची बाजू घेतल्यास दुसरीची निष्ठा तो गमावतो. मात्र त्याचें वजन पुरेसें असेल तर दोघींनाही गप्प करतां येतें. खेळांत हाच निकाल लाभाचा ठरतो. आमच्या मतें नीतीच्या दृष्टीनें तोच हिणकस आहे. भांडण मिटतें, पण जॅकची तक्रार होती तेथेंच राहते. आमच्या कुटुंबांतून व संस्थांतून 'सर्वांनीं सांभाळून घ्यावें' असा उपदेश करणारे पुष्कळ असतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच बहुधा अधिक सांभाळून घ्यावें लागतें, हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे. सोबती रागावून गेला तर मागें जतन केलेल्या ठिकाणीं परतून दुसरें उत्तर देण्याची सोय या खेळांत असते. तिचा उपयोग केला कीं त्याचा नकार पुसला जातो, आणि पुन्हां मर्जीच तेवढी उरते. खेळणाऱ्या तरुणांस आमची सूचना एवढीच कीं, एकदां तरी मागें परतूं नये. ॲलिस्टर गेला तर जाऊं द्यावा, आणि उरलेला प्रवास त्याच्यावांचून करावा. कोणता निर्णय कोणत्या मित्राच्या मोलानें घेतला, हें त्या रिकाम्या जागेकडे पाहून नीट उमगतें.