बर्फातील खड्डे

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १४:१३-२१



अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेस ॲडिराँडॅक नावाचे डोंगर आहेत. १९३२ व १९८० साली जेथे हिवाळी ऑलिंपिक सामने झाले ते लेक प्लॅसिड गाव त्यांतच आहे. गावापासून जवळच माउंट जो हा २,८७६ फूट उंचीचा लहानसा डोंगर. आमच्या थोरल्या बहिणीकडे गेलो असता डिसेंबरच्या आरंभी भाच्याबरोबर आम्ही तो चढलो. पायथ्यापासून चढण सुमारे ७०० फूट. येळ्ळूरचा राजहंसगड पुष्कळदा चढलेल्या आम्हांस त्यात विशेष वाटले नाही.

भाच्याने पायांत बांधावयास स्नोशू दिले. ॲल्युमिनियमची लांबट चौकट, तिच्यात ताणून बसविलेले जाड कापड, तळाला पोलादी दाते. चवडा बांधलेला, टाच मोकळी. पूर्वी तेथील आदिवासी लोक लाकूड वाकवून व कातड्याच्या वाद्या विणून ते करीत. युक्ती एवढीच की, अंगाचा भार मोठ्या जागेवर पसरतो आणि पाय फारसा रुतत नाही. मात्र पाय थोडे फाकून टाकावे लागतात. नाहीतर एक स्नोशू दुसऱ्यावर पडतो आणि माणूस तोंडघशी. (आम्ही दोनदा पडलो. बहिणीस हे सांगितलेले नाही.)

हिवाळ्याच्या आरंभीचे बर्फ भुसभुशीत असते. ते दाबून बसलेले नसते, आणि खाली धोंडे, मुळ्या, न गोठलेले ओहोळ लपलेले असतात. पुढच्याने वाट पाडावयाची व तो दमला की मागच्याने पुढे व्हावयाचे, अशी रीत. माथ्यावरून माउंट मार्सी हे त्या राज्यातील सर्वांत उंच शिखर पांढरेशुभ्र दिसले. वारा फार होता. लगेच उतरू लागलो.

उतरताना स्नोशू आम्हांस ओझे वाटू लागले. प्रकृती धडधाकट, वाट तुडविलेली. आम्ही ते काढून पाठीस बांधले. पाय गुडघ्यापर्यंत जाई, पण ओढून काढीत आम्ही झपाट्याने निघालो. थोडा अभिमानही वाटला. तोच मागून भाच्याची हाक आली, "मामा, जरा मागे वळून बघा."

वाटेच्या मधोमध खोल खड्ड्यांची रांग लागली होती. रात्री हे खड्डे दगडासारखे गोठतात, वर नवे बर्फ पडून झाकले जातात, आणि उद्या येणाऱ्याचा पाय त्यात मुरगळतो. लगतच्या हाय पीक्स अरण्यात आठ इंच किंवा अधिक बर्फ असल्यास स्नोशू अथवा स्की घातलेच पाहिजेत, असा राज्याचा नियम आहे. तो आपल्या पायांसाठी आहे, तितकाच मागून येणाऱ्याच्या पायांसाठी.

भाचा मुकाट्याने खड्ड्यांत बर्फ लोटून स्नोशूने दाबू लागला. आम्हीही स्नोशू पुन्हा बांधले आणि उलटे वर चढलो. तिकडे त्या दिवसांत साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. शेवटचे खड्डे विजेरीच्या उजेडात बुजविले.

वरील शास्त्रपाठ आम्ही कित्येकदा वाचला, त्यावर बोललोही, आणि बहुधा मद्यपानाविरुद्धच बोललो. पौलाने तेथे बलवानाचे ज्ञान चूक म्हटलेले नाही, हे आमच्या लक्षात आले नव्हते. मूळचे काहीच अशुद्ध नाही, हे पौलालाही मान्य आहे. तरीही सोडून द्यावयास तो बलवानालाच सांगतो. बलवानाचा पाय निघतो, म्हणून त्याला मागचा खड्डा दिसत नाही.

काही वर्षांमागे मंडळीच्या सभेत हिशेबावरून एका वडिलांशी आमचा मोठा वाद झाला. आमचे म्हणणे खरे होते. हिशेबही तसाच निघाला. पुढल्या रविवारी आम्ही दोघांनी एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेतले. परंतु त्या सभेत मागच्या बाकावर एक तरुण बसला होता. त्याचा बाप्तिस्मा नुकताच झाला होता, आणि शिकवण आम्हीच दिली होती. तो पुढे उपासनेस आला नाही. 'विश्वास कच्चा' असे आम्ही शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे म्हणालो होतो.

तो आता धारवाडास नोकरीस आहे. परवा पत्ता मिळाला. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही तिकडे निघत आहोत. दारात उभे राहून काय बोलावे, ते अद्याप सुचलेले नाही.