उसर

लखनौच्या सरोजिनी नगर तहसिलीत, कानपूर रस्त्यावर, बंथरा हे गाव आहे. तिथल्या उसर जमिनीवर राष्ट्रीय वनस्पती अनुसंधान संस्थेने १९५०च्या दशकात प्रयोग सुरू केले, आणि जिथे पीक तगत नव्हते तिथे अर्जुन, करंज, कडुनिंब, शिसव यांचे रान उभे राहिले. मी याच भागात राहते. हिवाळ्यात शिसव उघडाबोडका होतो, फेब्रुवारीत पोपटी पालवी धरतो. पावसाळ्यात उघड्या उसरावर पाणी साचते, कारण खालचा घट्ट, कंकराचा थर ते मुरू देत नाही. उन्हाळ्यात त्याच जागेवर पांढरी रेह फुलते. पूर्वी धोबी तिनेच कपडे धूत.

‘उसर’ मराठीत कसे आणायचे? ‘चोपण’ म्हटले तर मातीचा गुण सांगितला जातो. ‘नापीक’ म्हटले तर निकाल दिला जातो. नीरा कालव्याच्या भागातला शेतकरी ‘चोपण’ ओळखतो. तिथे कालव्याच्या जादा पाण्याने चांगली रानं बिघडली, त्यामुळे त्या शब्दात माणसाचीही करणी येते. ‘नापीक’मध्ये दोष एकट्या जमिनीचा.

पण नापीक कोणासाठी? उसरावर दर्भ उगवतो. साचलेल्या पाण्यात सारस उतरतात. गव्हाला जागा नाही, एवढेच खरे.

बंथऱ्याचे रान मला मोलाचे वाटते. पाचोळा कुजून मातीचा अल्कधर्म कमी होतो, मुळांच्या वाटेने पाणी खाली जाते. हे काम अनेक वर्षांचे आहे. तरी ‘निरुपयोगी जमीन कामी आली’ या शब्दांत त्याचे कौतुक करताना मी थबकते. उपयोग हेच जमिनीचे मोल असेल, तर उद्या कोणी जास्त उपयोग दाखवील: गोदाम, वसाहत, रुंद रस्ता. मग याच युक्तिवादाने झाडे जातील. आणि उरलेल्या उघड्या उसराच्या बाजूने बोलायला तर आपल्याजवळ शब्दच नसेल, कारण तिथे दाखवण्याजोगे झाड नाही.

म्हणून रान राखायचे ते जमीन सुधारल्याचे बक्षीस म्हणून नव्हे. तिथे आता इतरांचे जगणे सुरू आहे आणि ते मोडताना कारण द्यायची जबाबदारी आपल्यावर येते. दर्भ आणि सारस यांच्या बाबतीत ती आधीपासूनच होती.

अनुवादात मी ‘उसर’ तसाच ठेवते. वाचकाला त्याचा अर्थ शोधावा लागतो. तेवढा वेळ तरी निकाल लांबतो.