भूमी रिकामी असते काय?

गृहस्थाश्रम श्रेष्ठ की संन्यास श्रेष्ठ, या वादाची चर्चा आपल्या धर्मग्रंथांत विपुल आढळते. परंतु घर बांधण्याचा विचार ज्या क्षणी प्रथम मनात येतो, त्या क्षणी मनुष्याने आपल्यापुढे काय पाहावे, रिकामी जागा पाहावी की आधीपासून वसलेली जागा पाहावी, हा प्रश्न मला अलीकडे त्या जुन्या वादाहून अधिक निकडीचा वाटू लागला आहे. त्यास निमित्त झाले ते संगणकावर घराचे आराखडे काढण्याच्या साधनांचे, जी आता जळगाव आणि धुळे या शहरांतून निघून यावल, चोपडा, शिरपूर अशा तालुक्याच्या गावीही येऊन पोचली आहेत. बिनशेती झालेल्या प्लॉटवर टुमदार बंगला बांधू पाहणारा शिक्षक असो, की वडिलोपार्जित धाब्याचे घर उतरवून स्लॅब टाकण्याच्या तजविजीत असलेला केळीचा बागायतदार असो, कुदळ मारण्यापूर्वी तो एखाद्या तरुण अभियंत्याच्या कचेरीत जाऊन बसतो, आणि अद्याप ज्याची एक वीटही रचलेली नाही असे आपले घर पडद्यावर चहूबाजूंनी फिरवून पाहतो.

या साधनांची निंदा करावी असा माझा हेतू नाही. पूर्वी गवंडी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर रेघा ओढीत असे आणि त्या रेघांतून घर कसे उभे राहील हे त्याला एकट्यालाच दिसे. जिचे सारे आयुष्य स्वयंपाकघरात जावयाचे, तिला त्या स्वयंपाकघराची खिडकी कोणीकडे हवी हे कोणी विचारीत नसे, आणि विचारले असते तरी रेघांकडे पाहून तिला काय सांगता आले असते? आज तीच सून पडद्यावर बोट ठेवून, ओटा खिडकीखाली घ्या, असे स्पष्ट सांगते, आणि तिचे ऐकले जाते. गावाचे अक्षांश-रेखांश दिले असता मे महिन्यातील दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर ऊन किती वेळ थांबणार हेही स्केचअपसारखे साधन सावल्यांसह दाखविते. आणि ज्या मुलखात पारा ४५ अंशांवर जातो, त्या मुलखात हे ज्ञान क्षुल्लक म्हणता येत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की हे साधन ज्या दृश्याने आरंभ करते ते दृश्य असत्य आहे, आणि त्या असत्याची सवय मनाला जडली म्हणजे तिचे परिणाम धर्माच्या क्षेत्रापर्यंत पोचतात.

ते दृश्य असे असते. साधन उघडावे तो समोर एक अमर्याद सपाट मैदान पसरते. त्यावर परस्परांना काटकोनात छेदणाऱ्या अक्षरेषा असतात; वर फिकट आकाश असते; शेजार नसतो, झाड नसते, नाला नसतो, कोणाची वहिवाट नसते. प्रमाण कळावे म्हणून त्या रेषांच्या छेदापाशी एक सपाट माणूस उभा केलेला असतो, आणि तो बहुधा ते साधन घडविणाऱ्या मंडळींपैकीच कोणीतरी असतो. शुल्बसूत्रांतही मापाच्या मुळाशी माणूसच उभा आहे. अग्निचयनाची वेदी मोजावयाची ती यजमानाने दोन्ही हात उंच केले असता जी उंची होईल त्या ‘पुरुष’ नामक मापाने, आणि साडेसात वर्गपुरुष हे तिचे क्षेत्र. म्हणजे ज्याला त्या कर्माचे फल आणि दायित्व घ्यावयाचे, त्याचाच देह तेथे मापदंड होत असे. पडद्यावरचा माणूस निरुपद्रवी आहे, परंतु त्याला त्या घरात राहावयाचे नाही आणि त्या भूमीचे काही देणेही लागत नाही.

आता शास्त्रकारांनी आरंभ कसा केला तो पाहावा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूमीची परीक्षा सांगितली आहे ती हातभर खड्डा खणून: काढलेली माती पुन्हा त्यात लोटली असता कमी पडली तर भूमी अनिष्ट, बरोबर भरली तर मध्यम, उरली तर उत्तम. त्यापुढे शल्योद्धाराचा विधी येतो, म्हणजे भूमीच्या पोटात अस्थी, कोळसे, केस असे काही राहिले असल्यास ते शोधून काढावयाचे. लाकडासाठी अरण्यात जाणाऱ्याने झाड तोडण्यापूर्वी, त्यावर वसणाऱ्या भूतांनी बळी स्वीकारून आपले वसतिस्थान अन्यत्र न्यावे, अशी त्यांची प्रार्थना करावी असाही त्याच ग्रंथात विधी आहे. आणि या सर्वांच्या मुळाशी आहे ती वास्तुपुरुषाची कथा. अंधकासुराशी युद्ध करताना शंकराच्या ललाटावरून गळलेल्या घामातून एक विक्राळ, क्षुधित भूत उत्पन्न झाले; ते त्रैलोक्य गिळू लागले तेव्हा देवांनी त्याला भूमीवर पाडून धरले, आणि ज्या देवाने जे अंग दाबून ठेवले त्या अंगावर तो कायमचा बसला, असे मत्स्यपुराण सांगते. जखडल्या गेलेल्या त्या भूताने, मग मी खावे काय, असे विचारले, तेव्हा घर बांधणाऱ्याने द्यावयाचा बळी त्याला नेमून देण्यात आला. वास्तुमंडलाची ८१ पदे ती हीच. संगणकाच्या मैदानावरही चौकटी आखता येतात. परंतु मंडलातील एकही पद रिकामे नाही, प्रत्येकावर कोणीतरी बसलेले आहे आणि सर्वांच्या खाली कोणीतरी भुकेले आहे.

या कथेला अडाणी कल्पना म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी आपल्या खानदेशच्या भूमीकडेच एकदा नीट पाहावे. येथील काळी माती निर्जीव पदार्थासारखी वागत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाया पुरेसा खोल नेऊन मुरमाचा भर घातला नाही तर थोड्याच वर्षांत नव्या घराच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघतात. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आणि टेकवाडे येथे उत्खनन झाले, त्यात ताम्रपाषाणयुगातील वस्ती आणि दफने सापडली. त्याच काळच्या इनामगावच्या लोकांनी तर आपली दगावलेली मुले मातीच्या दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरली होती. त्या आयांना आपले घर रिकाम्या जागेवर उभे आहे असा भ्रम होणे शक्यच नव्हते. आणि आपल्या धाब्याच्या घरांवर जी पांढरी माती चढवीत, ती पुष्कळदा आणली जाई ती ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणातून: कोणा अज्ञात पिढ्यांच्या भिंती, चुली आणि राख यांचीच ती माती होय. पूर्वजांच्या घराचे छप्पर करून त्याखाली निजणारा हा समाज होता.

सरकारी दफ्तरासही हे ठाऊक आहे. कोणतेही खरेदीखत काढून पाहावे. जमिनीचे वर्णन त्यात चतुःसीमेने केलेले असते, म्हणजे पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस तमक्याचे शेत, उत्तरेस नाला. जुन्या सनदांतून तर जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी सारी मोजदाद येते. दस्तऐवज लिहिणारा कारकून तत्त्वज्ञ नव्हता. तथापि जागा म्हणजे तिच्या भोवतालचे आणि तिच्या पोटातले सर्व काही, हे तो दर मजकुरात नोंदवीत असे.

येथे वेदान्ताच्या अभ्यासकाकडून एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले, तेथे मलकानी, कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारख्या विचारवंतांनी शांकर वेदान्ताचे चिंतन केले. त्या परंपरेतला कोणी मला म्हणेल की, बाबा रे, घटाकाशाचा दृष्टान्त तू विसरलास काय? घट फुटला तरी आकाश फुटत नाही; भिंत ही उपाधी आहे, आणि उपाधीने आकाश विभागले गेल्यासारखे भासते एवढेच. हे तर त्या पडद्यावर मुलालाही दिसते: एक भिंत पुसावी, दोन खोल्यांची एक होते, आणि अवकाश होता तसाच राहतो. मग ज्या दृश्यात सर्व उपाधी गळून पडल्या आहेत, ते दृश्य असत्य कसे?

दृष्टान्त मला मान्य आहे. त्याची ही योजना मान्य नाही. उपाधी गळून पडल्यावर वेदान्तात जे उरते ते पूर्ण असते, आणि पडद्यावर उरतो तो अभाव. दुसरे असे की आकाश हे आपल्या शास्त्रांत एक महाभूत आहे आणि शब्द हा त्याचा गुण आहे. ज्या अवकाशात पहाटेचे जाते, गोठ्यातली घंटा किंवा शेजारच्या आजारी माणसाचा खोकला कधीच ऐकू येणार नाही, त्याला आकाश म्हणणे शब्दाचा अपव्यय होईल. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की आचार्यांनी परमार्थ आणि व्यवहार यांची गल्लत कधीच होऊ दिली नाही. भिंत मिथ्या आहे हे ज्ञान ज्याला झाले, त्याला घराची आवश्यकता उरत नाही. ज्याला घर हवे आहे, तो व्यवहारात उभा आहे, आणि त्याने परमार्थातली सवलत घेऊन भिंत पुसणे हा वेदान्त नव्हे, अतिक्रमण होय.

अशी पुसली गेलेली एक भिंत मी पाहिली आहे. जळगावच्या एका कचेरीत आमच्या परिचयाचे एक कुटुंब आपले चार खणांचे जुने घर नवे करण्याचा आराखडा पाहत होते. मागची भिंत जाडजूड, खाली दोन फूट आणि वर निमुळती; संगणकाला निमुळती भिंत सोयीची नसल्याने ती एका सरळ जाड रेषेने दाखविलेली होती. बैठक मोठी व्हावी म्हणून अभियंत्याने ती रेषा निवडली आणि एका कळीसरशी नाहीशी केली. सर्वांना ती मोकळी बैठक फार आवडली. तेवढ्यात मागे बसलेली घरातली वृद्ध आजी म्हणाली, “भाऊ, ती भिंत नको काढू. तिच्यात शेजारच्यांच्या तुळया आहेत.”

“आजी, मोजणीच्या नकाशात तर ती तुमच्याच हद्दीत दिसते.”

“दिसत असेल. पण त्यांनी तुळया टेकवल्या, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी हो म्हटलं होतं.”

त्या अभियंत्याच्या हाती जी जी मापे होती ती सारी अचूक होती. सासऱ्यांचे ‘हो’ मात्र कोणत्याही मापात बसणारे नव्हते; ते देणारा मनुष्य कधीच निवर्तला होता, घेणाऱ्याची तिसरी पिढी त्या तुळयांखाली निजत होती, आणि त्या शब्दाचा एकच साक्षीदार त्या खोलीत जिवंत होता. वास्तुपुरुष प्रत्येक बोलण्याला ‘तथास्तु’ म्हणतो, म्हणून घरात अभद्र बोलू नये, असे आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. भिंती बोललेले धरून ठेवतात ही श्रद्धा मला त्या दुपारी अक्षरशः खरी वाटली.

पडद्यावर पुसलेली भिंत दुसऱ्या कळीने परत आणता येते, आणि आरंभीच्या रिकामेपणाइतकेच हेही मनाला चुकीचे वळण लावणारे आहे. जेथे कोणी वसत नव्हते तेथे कोणाला दुखापतही होत नाही, म्हणून तेथे केलेले सर्व काही न केलेले करता येते. परंतु पाया खणताना फावड्याखाली मुंग्यांचे वारूळ आले, लिंबाचे मूळ तुटले, तर ते परत घेण्याची सोय कर्माच्या राज्यात नाही. तेथे आहे ते प्रायश्चित्त. वास्तुशांत हा माझ्या मते समृद्धीसाठी केलेला नवस नसून, मुख्यतः घर बांधताना झालेल्या हिंसेचा कबुलीजबाब आहे. गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितले, त्यांत भूतयज्ञ आहे, तोही याच कारणाने. जे घर कोणाचेच ऋणी नाही अशा समजुतीने आखले गेले, त्यात वास्तुशांतीचे जेवण होईल, सत्यनारायणही होईल. पण क्षमा कोणाची मागावयाची हे यजमानाला उमगणार नाही.

संकल्पाची रीत येथे मला अत्यंत विचारपूर्वक घडविलेली दिसते. पूजेस बसलेला यजमान आपली इच्छा एकदम बोलून दाखवीत नाही. तो प्रथम द्वीप सांगतो, वर्ष सांगतो, दंडकारण्य सांगतो. आपण खानदेशी लोक गोदावरीच्या उत्तर तीरावर आहोत हे सांगतो. मग संवत्सर, अयन, ऋतू, तिथी आणि नक्षत्र. मग आपले गोत्र आणि नाव. आणि एवढ्या सर्वांच्या मध्ये आपण कोठे आहोत हे निश्चित झाल्यावर, अगदी शेवटी, काय हवे ते उच्चारतो. संगणकावरच्या आराखड्यात हा क्रम उलटा होतो: इच्छा आधी रेखाटली जाते, आणि ठिकाण, वाटल्यास, मागाहून भरले जाते. साधन तसे करावयास भाग पाडते असेही नाही. ते सारे काही स्वीकारावयास तयार असते, आपणच द्यावयाचे विसरतो.

म्हणून माझी सूचना अशी की आराखड्याचे पहिले पान चतुःसीमेचे असावे. पूर्वेस कोण राहतो, पश्चिमेच्या भिंतीवर कोणाचे छप्पर टेकले आहे, सांडपाणी पिढ्यान्‌पिढ्या कोठून वाहते, झाड कोणते आणि ते कोणी लावले, काळी माती किती खोल गेली आहे, कोणाला काय शब्द दिलेला आहे, हे सारे त्यावर उतरावे. ते घरातल्या वृद्ध माणसांना आणि शेजाऱ्यांना विचारून उतरावे. आणि हे पान पुरे झाल्याखेरीज बैठकीची एकही रेघ ओढू नये. वर सांगितलेल्या अभियंत्याने त्या प्रसंगानंतर ही रीत आपल्या कचेरीत पाडली आहे. शेजाऱ्याच्या परवानगीने त्याच्या बाजूनेही तो टेप धरतो आणि भिंतीत शिरलेल्या तुळयांच्या जागा आराखड्यावर काळ्या चौकोनांनी दाखवितो. या चौकशीत बराच वेळ जातो, आणि काही गिऱ्हाइके तेवढे न थांबता दुसऱ्या कचेरीत निघून जातात, असे तो सांगतो.