स्वीकार आणि उपेक्षा

जे बदलता येत नाही ते देवाची इच्छा म्हणून स्वीकारावे, असे आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो. पण स्वीकार कोठे संपतो आणि उपेक्षा कोठे सुरू होते, हा विवेक फार थोड्यांस असतो. सज्जनहो, आज एका घरगुती उदाहरणाने त्याचा विचार करू.

एका घरी तीन लहान लेकरे. मधल्यास डाऊन सिंड्रोम. आई तिघांनाही घेऊन एसटीने तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे जाते. थोरल्याचे नि धाकटीचे काम वजन, उंची, लस एवढ्यात आटोपते. मधल्याचे मात्र रक्त, कान, डोळे सारे तपासायचे, हृदयाच्या तपासणीस जिल्ह्याला जायचे. दिवस मोडतो, पैसा जातो. मग घरात दोन शंका निघतात. आजी म्हणते, "देवानं त्याला तसाच धाडलाय, त्यात तपासायचं काय?" बाप म्हणतो, "मला तिघं सारखी. मग एकासाठीच एवढी धावपळ का?"

आजीबाईंच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या मुलांत २१ व्या ठिकाणी दोनांऐवजी तीन गुणसूत्रे असतात, हे लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले. हा बहुधा बीज तयार होतानाच घडलेला योग असतो. त्यात आईचे पथ्य, ग्रहण, पाप यांचा काही संबंध नाही. तिला बोल लावणारी जीभ आवरावी. ते जादा गुणसूत्र कोणी वैद्य काढू शकत नाही. तेथे स्वीकारच योग्य.

परंतु त्यासोबत जे येते ते सारेच अटळ नसते. अशा सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. वेळीच कळला तर बहुतेकदा शस्त्रक्रियेने सुधारतो. थायरॉईड मंदावली की मूल सुस्त होते, वाढ खुंटते. रोजच्या एका गोळीने फरक पडतो. म्हणून जन्मतः, सहाव्या महिन्यास, वर्षाचे झाल्यावर आणि पुढे दरवर्षी तिची तपासणी करतात. कानाच्या पडद्यामागे पाणी साचले तर ऐकू येत नाही, बोलणे लांबते, आणि आपण म्हणतो, "त्याला समजतच नाही." पाहा, केवढा अन्याय! न ऐकणाऱ्यास आपण न समजणारा ठरविले. "तो तसाच आहे" हे शब्द वाटतात भक्तीचे. पण पुष्कळदा ते आपल्या आळसाचे पांघरूण असते.

आता बापाची शंका. शेतकऱ्याला ऊस नि बाजरी दोन्ही आपलीच. पण पाणी सारखे देतो काय? थोरला "कान दुखतो" म्हणत रडत येईल. मधल्याला ते सांगता येत नाही. ज्याला सांगता येत नाही त्याला आपण होऊन विचारायचे, हीच समदृष्टी. सारखे माप म्हणजे समता नव्हे.

पण येथे दुसराही खड्डा आहे. दवाखान्याच्या बाकावर दिवसभर गुपचूप बसलेल्या थोरल्याला आपण "शहाणा आहे" म्हणून विसरतो. तेही उपेक्षेचेच गोड नाव. त्याची लस चुकू नये, धाकटीचे वजन राहू नये, आणि परतताना थोरल्याचा हात कोणीतरी धरावा.

पैशाची अडचण खरी आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मोफत तपासणीची योजना आहे, आणि त्यात या मुलांचाही समावेश आहे. अंगणवाडीताईंस विचारावे. बापाने एखादी खेप स्वतः करावी, म्हणजे शंका आपोआप मिटेल.

जे अटळ ते माथी घ्यावे. जे टळण्यासारखे ते टाळण्यास चालू लागावे. आणि अटळ कोणते, हे तपासल्यावाचून ठरवू नये, एवढीच आमची विनंती.