परदेशी गेलेल्या मुलीची खोली

नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत एक प्रश्न अलीकडे आमच्या कानी येऊ लागला आहे. मुलगी नर्सिंगची परीक्षा उतरली, इंग्रजीची परीक्षाही उतरली, आणि इंग्लंडातील किंवा आखातातील एखाद्या रुग्णालयाने तिला बोलाविले. आता तिने तेथे राहावे कोठे? प्रश्न दिसावयास लहान आहे. भाडे, अंतर व सोबत यांचा हिशेब मांडला म्हणजे तो सुटला, असे प्रथमदर्शनी वाटते. आम्हांसही तसेच वाटत होते. परंतु ह्या हिशेबाच्या पोटात नीतीचा एक प्रश्न आहे, आणि तो परदेशी गेलेल्या मुलीपेक्षा मागे घरी राहिलेल्या आम्हां वडीलधाऱ्यांस अधिक लागू पडतो, असे आता आमचे मत झाले आहे. हे मत आम्हांस फुकट मिळाले नाही, म्हणून प्रथम आमची चूक सांगतो.

आमच्या एका पुतणीस इंग्लंडात नोकरी लागली. तिकडील बहुतेक रुग्णालयांप्रमाणे तिच्याही रुग्णालयाने पहिले काही आठवडे राहावयास जागा दिली. पुढे आपली सोय आपण पाहावयाची होती. तिने दोन खोल्या पाहून आम्हांस फोन केला. एक रुग्णालयापासून पायी दहा मिनिटांवर, लहानशी, खिडकीपुढे भिंत, आणि भाडे बरेच. दुसरी शेजारच्या गावी, बसने पाऊण तासाच्या वाटेवर. त्या घरात आपल्याच देशाच्या पाच नर्सबाया राहत होत्या, आणि भाडे पहिलीच्या निम्मे. "काका, कोणती घेऊ?" असे तिने विचारले. आम्ही क्षणाचाही विचार न करता दुसरी सांगितली. घरी कर्ज होते, विहिरीचे काम अर्धे पडले होते, आणि आपल्या माणसांची सोबत मिळत होती. ह्याहून अधिक काय पाहावयाचे?

पुढे कळले ते असे. तिकडे रुग्णालयातील पाळी बहुधा बारा तासांची असते. रात्रपाळी सकाळी आठाच्या सुमारास सुटे. रविवारी बस उशिरा. थंडीत थांब्यावर तास-दीड तास बसावे लागे. घरी पोहोचावे तो कोणाची सुटी, कोणाचा स्वयंपाक, कोणाचे घरच्यांशी फोनवर बोलणे. चार तास डोळा लागला तर लागला, आणि सायंकाळी पुन्हा बस. अशाच एका रात्री तिने एका रोग्याचे औषध दुसऱ्याच्या खाटेपाशी नेले. सोबतच्या नर्सच्या ते वेळीच ध्यानात आले, म्हणून अनर्थ टळला. ही गोष्ट तिने आपल्या आईस सांगितली, आम्हांस सांगितली नाही. सल्ला आमचा होता, म्हणूनच सांगितली नसावी.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. भाड्यात वाचलेला तो पैसा खरोखर कोणाचा होता? आम्ही समजत होतो की, मुलगी आपल्या सुखातून काटकसर करीत आहे, आणि स्वतःच्या सुखातून काटकसर करण्यास कोणाची आडकाठी असावी? परंतु नर्सची झोप तिच्या एकटीची नसते. जो मनुष्य रात्री तीन वाजता तिच्या हातून औषध घेतो, त्याचा त्या झोपेत वाटा आहे. शेतकरी बैलास पेंड कमी घालून पैसा वाचवितो तेव्हा नांगरटीत काय होते, हे आम्हां खेड्यातल्या लोकांस कोणी शिकवावयास नको. मग ज्या हातांवर परक्यांचे प्राण सोपविलेले आहेत त्यांच्या विश्रांतीतून विहिरीचा दगड काढावा, हे आम्हांस वावगे कसे वाटले नाही?

दुसरी गोष्ट. आपल्या मुलीने आजवर घर असे कधी निवडलेलेच नसते. बापाच्या घरातून ती वसतिगृहात जाते. तेथे तीन-चार वर्षे वॉर्डनबाईची घंटा. मग नोकरीच्या ठिकाणी नर्सेस क्वार्टर. लग्न झाले तर सासरचे घर ठरलेलेच. परदेशातली ती खोली ही तिच्या आयुष्यातील पहिली जागा, जी तिला स्वतः डोळ्यांनी पाहून हो किंवा नाही म्हणता येते. आणि नेमकी तीच आम्ही येथून, न पाहता, ठरवून टाकतो!

पाथर्डी-शेवगावकडील वाचकांस ह्याची तुलना चांगली कळेल. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जाणारे कुटुंब मुकादमाची उचल घेऊन निघते, आणि उचल घेतली म्हणजे कोपी कोठे घालावयाची हे मुकादम व कारखाना ठरवितो. पाणी लांब आहे, जागा दलदलीची आहे, असे म्हणण्यास तोंड राहत नाही. परीक्षा, प्रवास आणि मध्यस्थ यांच्यापायी कर्ज काढून गेलेल्या मुलीची स्थिती पुष्कळदा अशीच असते. फरक एवढाच की, तिच्या उचलीचे मुकादम आम्हीच असतो. (येथे एक सांगून ठेवतो: नर्स भरती करून देण्याबद्दल उमेदवाराकडून दलालांनी शुल्क घेऊ नये, असा ब्रिटिश सरकारच्या आचारसंहितेचा नियम आहे. इंग्लंडातील जागेसाठी भरतीची फी मागणाऱ्या मनुष्यापासून मंडळीने सावध राहावे.)

परदेशी खोलीचा प्रश्न आपल्या लोकांस नवा नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकावयास अमेरिकेस गेल्या. प्रथम त्या न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. तेथे त्यांस लेकीप्रमाणे वागविण्यात आले. पुढे फिलाडेल्फियास कॉलेजसाठी जावे लागले. तेथे मिळालेल्या जागेतील शेगडी नीट चालत नसे. पेटवावी तर खोलीभर धूर, न पेटवावी तर थंडी. प्रकृती आधीपासूनच नाजूक होती, तीत ही भर. १८८६ च्या मार्चात त्यांनी पदवी मिळविली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. त्या खोलीनेच त्यांचा प्राण घेतला असे आम्ही म्हणत नाही. तसे कोणास सिद्ध करता यावयाचे नाही. परंतु त्यांची पदवी आम्ही शाळांतून मुलींस अभिमानाने सांगतो आणि ती शेगडी सांगावयाची विसरतो, हे मात्र खरे.

त्याच साली पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांस आश्रय मिळाला, आणि तेथे प्रेमाने वागणारी माणसेही मिळाली. तथापि आपले अन्न आपल्या रीतीचे असावे, मुलग्यांच्या वर्गास शिकवावे की नाही हे आपले आपण ठरवावे, असल्या गोष्टींसाठी त्यांस वडीलधाऱ्यांशी लांबलचक वाद घालावा लागला. छप्पर दुसऱ्याचे असले म्हणजे आज्ञाही त्याच्याच येतात. आखातातील पुष्कळ रुग्णालये आपल्या नर्सेसना जागा आणि जाण्यायेण्यास गाडी देतात. भाड्याची चिंता नाही, परंतु बाहेर केव्हा जावे व आत केव्हा यावे ह्याचे नियमही जागेबरोबर येतात. तेथे जाणाऱ्या मुलीने करार वाचताना पगाराच्या ओळीइतकीच जागेची ओळ निरखून वाचावी.

आता आपल्या माणसांच्या सोबतीविषयी. ती तुच्छ लेखावी असे आम्ही म्हणत नाही. परक्या मुलखात ताप आला असता आपल्या हातची पेज देणारी बाई शेजारच्या खोलीत असणे, हे अनमोल होय. पण केवळ आपल्यांतच राहिल्याने काय होते, ह्याचा नमुना आम्ही नगरातच पाहिला आहे. मिशनचे लोक १८३१ पासून येथे होते. सिंथिया फॅरारबाई १८३९ मध्ये आल्या व १८६२ मध्ये येथेच वारल्या. मुलींच्या शाळा त्यांनी येथे चालविल्या. अशा लोकांचे उपकार कोण विसरेल? तरीही मिशनच्या आवारास भिंत असे, आणि त्या भिंतीविषयी आमच्या आजोबांची कुरकूरही असे. आवारात राहून प्रकृती टिके, स्वतःची भाषा टिके. वाड्यावस्तीवरचा मनुष्य मात्र दारात उभा राही. उद्या आमच्या मुलींनी परदेशात तशीच भिंत बांधली, तर ज्या म्हाताऱ्या रोग्याचे गावंढळ इंग्रजी त्यांस समजावयास हवे, ते त्या शिकणार कोठे? वर्ग एका गोष्टीसाठी उपयोगी आहे, बसथांबा व शेजारीण दुसऱ्या गोष्टीसाठी.

कर्जाचे काय, असे कोणी विचारील, व तो प्रश्न टाळता यावयाचा नाही. पावसाने दगा दिलेल्या गावात बसून भाड्याकडे पाहू नये असा उपदेश करणे सोपे नव्हे. ज्या कर्जावर मुलगी शिकली ते फेडावे, लवकर फेडावे. त्यासाठी तिने स्वतः होऊन वर्षभर अडचणीत राहावयाचे ठरविले, तर त्यात कमीपणा नाही. परंतु कर्ज फिटल्यावर जुन्या घरावर स्लॅब, स्लॅबवर दुसरा मजला, मग धाकट्याचे लग्न, अशी जी साखळी लागते, तिला शेवट नसतो. मुलगी तिकडे भाड्याच्या अर्ध्या खोलीत, आणि तिच्या पैशाने बांधलेल्या चार खोल्यांस येथे कुलूप, अशी घरे आम्ही स्वतः पाहिली आहेत.

आईबाप सल्ला विचारावयास येतात ते खेड्यातल्या उपदेशकाकडेच. म्हणून काही गोष्टी त्याला ठाऊक असाव्यात. लंडनच्या अंतर्भागात सरकारी आरोग्यसेवेतील नर्सला मूळ पगारावर २० टक्क्यांचा जादा भत्ता मिळतो, त्यास कमाल मर्यादा आहे. तेवढ्याने तेथील भाड्याची भरपाई होईल असे समजू नये. लहान शहरातला कमी पगार पुष्कळदा अधिक शिल्लक टाकतो. २०१९ च्या कायद्यान्वये इंग्लंडात घरमालकास सामान्यतः पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही, व ती सरकारमान्य योजनेत ठेवावी लागते. खोली डोळ्यांनी पाहिल्यावाचून पैसे पाठवू नयेत. आणि रात्रपाळी सुटण्याच्या वेळी, तेही रविवारी, त्या वाटेने एकदा जाऊन पाहावे. हे कोणत्याही कायद्यात नाही, आम्ही आमच्या चुकीवरून सांगतो.

रूथची गोष्ट आमच्या मंडळ्यांत नेहमी वाचली जाते. परदेशी आलेल्या सुनेच्या निष्ठेवर पुष्कळ उपदेश झाले. नामीवर फारसे झाले नाहीत. ती म्हातारी सुनेने वेचून आणलेल्या सरव्यावर जगत होती, आणि तरीही तिच्या मनास लागलेली काळजी अशी की, ह्या पोरीला विसाव्याचे ठिकाण कोठे मिळेल. मापलेल्या जवांचा हिशेब तिने सुनेकडे मागितल्याचे आम्हांस कोठे आढळले नाही.

गेल्या महिन्यात पुतणीचा फोन आला. ती घर बदलणार आहे. तिने पुन्हा दोन जागांची नावे सांगितली, आणि थोडा वेळ थांबली. विहीर अजून अर्धीच आहे. आम्ही तिला एवढेच विचारले की, दिवसा झोपावयास शांत कोठे वाटते. तिने कोणती जागा घेतली ते अद्याप कळविलेले नाही, व आम्हीही विचारलेले नाही.