निळी चकती : किंमत आणि मूल्य

‘ब्लू चिप’ ही संज्ञा आज ज्या गांभीर्याने उच्चारली जाते, त्याचा तिच्या जन्माशी काही संबंध नाही. ती जुगाराच्या टेबलावरून आलेली आहे. अमेरिकेतील पोकरच्या खेळात रोख पैशाऐवजी रंगीत चकत्या मांडल्या जात : पांढरी सर्वांत हलकी, तांबडी तिच्याहून वरची आणि निळी सर्वांत मोलाची. १९२३ च्या सुमारास डाउ जोन्स या संस्थेतील ऑलिव्हर गिंगोल्ड यांनी दोनशे डॉलर वा त्याहून अधिक भावाने विकल्या जाणाऱ्या शेअर्सना उद्देशून हा शब्द योजला, असे सांगितले जाते. प्रारंभी तो निव्वळ भाव सांगत होता. पुढे मोठी, जुनी, नियमित लाभांश देणारी कंपनी ‘ब्लू चिप’ झाली. जे महाग होते ते भरवशाचे ठरले. किमतीचा वाचक शब्द मूल्याचा वाचक झाला.

रूपक रुळले की त्यातील मूळ चित्र पुसले जाते, हा भाषेचा नित्याचा व्यवहार होय. परंतु येथे पुसले गेले ते नेमके धोक्याचे चित्र. निळ्या चकतीला स्वतःचे मोल नसते. ती पांढरीसारख्याच मातीची असते. तिचे मोल चकतीच्या बदल्यात रोख मोजणाऱ्याच्या वचनात असते, आणि ती डावावर लावण्यासाठीच घेतलेली असते. नेमका हाच शब्द ‘येथे डाव नाही’ असे सुचवण्यासाठी वापरला जावा, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

या संज्ञेचा विस्तारही सूचक आहे. लिलावात ज्यांच्या चित्रांना हमखास मोठी बोली लागते, ते चित्रकार ‘ब्लू चिप’. अमेरिकेत महाविद्यालयीन संघांनी हेरलेला शालेय खेळाडूही ‘ब्लू चिप’. त्याचा खरा खेळ तर अजून व्हायचा असतो. प्रत्येक ठिकाणी निर्णय आधी कुणीतरी घेतलेला असतो आणि शब्द उच्चारणारा निर्णयाच्या श्रमातून मुक्त होतो.

इतिहासाने ही मुक्तता वारंवार महाग पाडली आहे. कोडॅक २००४ पर्यंत डाउ जोन्स निर्देशांकात होती. २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. जनरल मोटर्सवर ती वेळ २००९ मध्ये आली. त्याच वर्षी जानेवारीत सेन्सेक्समधील सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. पोटाला चिमटा घेऊन साठवलेली पुंजी ज्याने रंग पाहून गुंतवली, त्याची फसवणूक हिशेबाने केली हे खरे; पण त्या हिशेबाकडे पाहण्याची गरज नाही असे त्याला शब्दाने सांगितले होते.

यावर असे म्हणता येईल की, प्रत्येकाने प्रत्येक वही तपासावी ही अपेक्षा अव्यवहार्य आहे; लौकिकावर विसंबल्याखेरीज समाज चालत नाही. हे मान्य करावेच लागेल. तथापि विश्वास ठेवणे वेगळे आणि आपण विश्वास ठेवला आहे हेच विसरणे वेगळे. पहिला विश्वास नव्या पुराव्याने बदलू शकतो. दुसऱ्याला पुरावा दिसतच नाही.

साहित्यविचारानेही येथे अलिप्त राहण्याचे कारण नाही. ‘क्लासिक’ या शब्दाच्या मुळाशी रोममधील सर्वांत धनाढ्य करदात्यांचा वर्ग आहे. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसच्या ग्रंथात तो लेखकाला लावलेला आढळतो. आपला ‘अभिजात’ कुळाकडे बोट दाखवतो. एकाने संपत्तीवरून प्रतिष्ठा मोजली, दुसऱ्याने जन्मावरून. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आनंद झाला, तो रास्तच होता. पण दर्जा मिळाल्याने एकही ग्रंथ वाचला जात नाही.

मराठीत याच अर्थक्षेत्रात ‘बावनकशी’ हा शब्द आहे. त्यात संपत्ती नाही, कुळ नाही, डावही नाही. कसोटीचा दगड आहे आणि त्यावर घासणारा हात आहे. काल उतरलेला कस आजच्या तुकड्याला पुरत नाही, हे सराफाला ठाऊक असते. समीक्षेने मान्यवर कृतीला निळी चकती मानून पुढे सरकवायचे की पुन्हा दगडावर घासायचे, एवढाच प्रश्न उरतो. घासल्याने खऱ्या सोन्याचे काही बिघडत नाही.